खिसे शिवणाऱ्या आईसाहेब

कोऱ्या जीन्सच्या कापडाचा वास आला की मला उल्हासनगर कॅम्प दोनमधला आमचा शिलाईचा कारखाना आठवतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या मशीनवर देशावरच्या एका सरदार घराण्याच्या विधवा सूनबाई खिसे शिवायच्या. जहागीर केव्हाच गेली होती; दिराच्या उपकारावर जगायचं नाही म्हणून त्या बदलापूर गावात खोली घेऊन राहायच्या. एका दुपारी त्यांच्या सासरचा म्हातारा नोकर आला आणि त्यानं सगळ्यांदेखत वाकून मुजरा केला. मशीनी थांबल्या. "आईसाहेब, घरी चला. लोक हसत्यात, धाकलं सरकार लई चिडल्यात." त्यांचे कान लाल झाले, पण आवाज कापला नाही. "त्यांना सांगा, मी कामावर आहे. येणार नाही." मग उठून त्यांनी त्याला आपलं स्टूल दिलं. तो बसेना. "तुमच्या म्होरं कसं बसू?" "बसा. इथं सगळे बसूनच काम करतात." त्यांनी स्वतः चहा आणून दिला, त्याचा पिऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि तो गेल्यावर पुन्हा मशीनला बसल्या. पुढे माझ्या सासरच्यांनी मला कारखाना सोडायला सांगितलं, तेव्हा मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी डबा भरून कामाला निघाले.