खिशातला फ्यूज

त्या वर्षांत मी कंट्रोल पॅनेलची कामं ठेक्यावर घ्यायचो. औरंगाबादेत पॅनेल बनवायचं, ट्रकमध्ये घालायचं आणि गावोगावी जाऊन बसवायचं. सत्तरच्या दशकाच्या मध्यात परतूरकडच्या एका कापसाच्या जिनिंगचं काम मिळालं. एक बटण दाबलं की सगळी यंत्रं थोड्या थोड्या अंतराने आपोआप सुरू होणार, याचं मला भारी कौतुक. वय तिशीच्या आतलं आणि डोकं हवेत.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना हे कौतुक नव्हतं. त्यांची रीत एकच. यंत्रात उतरायचं तर आधी भिंतीवरच्या बोर्डातून त्या यंत्राचा फ्यूज उपटायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. "फ्यूज खिशात, तर जीव खिशात," म्हणायचे. छप्पन सालानंतर बौद्ध होऊन घरातले देव दुधना नदीत सोडून आलेला हा माणूस. "देव गेले, त्यांच्यासंगं भुतंबी गेली. आता भरोसा फकस्त फ्यूजवर," असं हसून सांगायचे.

पॅनेल जोडलं तसा तो जुना बोर्ड निकामी झाला. त्यातला फ्यूज काढला काय, ठेवला काय, सारखंच. तो बोर्ड त्याच दिवशी उतरवायला हवा होता, मी कंटाळा केला. मिस्त्रींना निदान सांगायला तरी हवं होतं. पण आदल्या दिवशीच आमचं वाजलं होतं, म्हणून मी तोंड फुगवून बसलो.

हंगाम संपलेला, शेड रिकामी. भर दुपारी सगळे जेवायला गेलेले बघून मी चाचणी घ्यायचं ठरवलं. बटण दाबलं. पहिलं यंत्र घुमलं, थोड्या वेळाने दुसरं. पत्र्याखालची कबुतरं भर्रकन उडाली. शेडभर एक माणूस नाही आणि यंत्रं एकेक करून जागी होतायत. सगळं माझंच केलेलं, तरी अंगावर काटा आला.

तेवढ्यात नजर जुन्या बोर्डावर गेली. एक खाच रिकामी होती, पडलेल्या दातासारखी. सकाळी तिथे फ्यूज होता. खाच सरकीच्या नाळीची होती. जमिनीखालच्या या नाळीत सरकी पुढे ढकलणारा लांबच लांब स्क्रू असतो. पॅनेलवर तिसरा नंबर त्याचाच होता.

मी बंदचं बटण दाबलं, पण तिसऱ्याचा खट् असा आवाज त्याच्या आधी झाला होता.

सगळं थांबलं. "मिस्त्री!" मी ओरडलो. नाळीच्या तोंडाशी जाऊन वाकून बघितलं. खाली अंधारात ते भिंतीला पाठ लावून बसले होते. धोतराचा सोगा स्क्रूत गुंडाळून फाटला होता, बाकी माणूस धड होता. माझ्याकडे न बघता त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर फ्यूज होता.

"ह्यो बगा, फ्यूज माझ्यापाशीच हाय, साहेब. मंग ह्ये फिरलं कसं?"

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. खरं सांगितलं तर ठेका जाईल, आणि लोक मला सोडायचे नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"होतं असं कधी कधी," मी म्हणालो.

ते घरी गेल्यावर मी जुना बोर्ड गुपचूप उतरवला. मिस्त्रींनी पुढे गेटवरचं काम मागून घेतलं.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर मी पॅनेल तपासायला गेलो, तर त्याच्या मुठीला लिंबू-मिरची बांधलेली. कुणी बांधली म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी गेटकडे बोट दाखवलं.

मिस्त्री खुर्चीवर बसले होते. "मीच बांदली," खाली बघत म्हणाले. "असल्यात काई नसतं, मला कळतं सगळं. हसा तुमी. पर झाडायला बाया खाली नाळीत उतरतात, साहेब."

तेव्हाही सांगता आलं असतं. मी आत गेलो, लिंबू सोडून बाजूला ठेवलं, पॅनेल उघडून ढिले स्क्रू आवळले आणि दार लावून लिंबू होतं तसं परत बांधलं.