आत्या आधी स्वतः बसली

माझी आत्या गाड्यांची सीटकव्हरं शिवायची. मैदानासमोर तिचं एका शटरचं दुकान होतं. पुढे रेक्झिनचे गुंडाळे, मागे जाडजूड मशीन आणि मधे फोमचा असा पसारा, की गिऱ्हाइकाला फुटपाथवर उभं राहूनच बोलावं लागे. लग्न तिने केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, मापात बसणारा मिळाला नाही.

त्या मैदानावर दरवर्षी पाळण्यांचा मेळा यायचा आणि आम्ही घरचे सगळे जायचो. बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, फक्त लाकडी घोड्यांच्या चक्रात बसत. जिथे चढलो तिथेच उतरलो, की त्यांचा जीव भांड्यात पडे. नोकरीही त्यांनी एकाच कचेरीत, एकाच खिडकीशी बसून केली. आईचं सगळंच वेगळं. टक्करगाडीत बसली की दोन-चार जणांना दणका दिल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. घरातही कुठलीही अडचण ती अशीच अंगावर घेई. आत्या मात्र कशातच बसायची नाही. आमच्या पिशव्या आणि बाबांचा कोट घेऊन खाली उभी राहायची. कुणीतरी खाली हवंच ना, असं म्हणायची. आम्हाला ते पटायचं, कारण आमच्या सोयीचं होतं.

ती साठीला टेकली त्या वर्षी मेळ्याच्या मालकीणबाई तिच्या दुकानात आल्या. सगळं आयुष्य भोंग्यांच्या शेजारी गेल्यामुळे त्या साधं बोलल्या तरी गल्लीला ऐकू जाई. त्यांच्या रोलर कोस्टरच्या सीटा फाटल्या होत्या, पट्टे विरले होते, नेहमीचा कारागीर अंथरुणाला खिळला होता आणि मेळा तर तोंडावर आलेला. आत्याने काम घेतलं. मग दुकानातून दिवसभर मशीनची घरघर. पट्ट्यांचे टाके ती दुहेरी घालायची आणि पायाखाली दाबून, दोन्ही हातांनी ओढून बघायची.

सीटा बसवायच्या दिवशी सकाळी मीही हाताखाली गेले. सगळं बसल्यावर मेळ्याच्या मिस्त्रींनी आधी रिकामे डबे सोडले, मग वाळूची पोती बांधून सोडले. धडाडत गेले, धडाडत आले. मालकीणबाई म्हणाल्या, आता आमची माणसं बसून बघतील. तेवढ्यात आत्या पुढे झाली.

"पट्टे मी शिवलेत. आधी मी बसते."

"ताई, तुम्हाला सवय नाही हो."

"पोत्यांना तरी कुठे होती?"

मिस्त्री हसले आणि त्यांनी पहिल्या डब्याचा दांडा उचलला. तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून मीही शेजारी बसले. डबा कटकट करत चढ चढू लागला. आत्या सुरुवातीला पट्टाच चाचपत होती. शिवण बघत होती. मग आमच्या खाली दुकानाचं पत्र्याचं छप्पर दिसलं. त्यापलीकडे रस्ते, पूल आणि नदीचं वळण, जे तिने जन्मात असं वरून पाहिलं नव्हतं. तिने माझं मनगट पकडलं. माथ्यावर डबा क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि पुढच्या क्षणी आम्ही खाली कोसळलो.

माझे डोळे गच्च मिटलेले. कानाशी कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. ती आत्या होती. वळणावर आम्ही एकमेकींवर आदळलो, पुन्हा वर, पुन्हा खाली, तिच्या केसांच्या पिना कुठल्या कुठे गेल्या आणि हसणं थांबेना. शेवटी डबा थांबला.

"पट्टे ठीक आहेत," आत्या मिस्त्रींना म्हणाली. "पण एकदा बघून कसं कळेल?"

तिने ते चारदा तपासले. मग झुलत्या होडीच्या सीटाही जरा सैल वाटतात म्हणून तिथे गेली, तिथून आकाशपाळण्यावर. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला होता आणि गाल लालबुंद झाले होते. मालकीणबाई बघत होत्या. त्यांनी तिथेच विचारलं, आमच्याबरोबर फिरता का, आम्हाला कायमची कारागीर हवी आहे. आत्या एका दमात हो म्हणाली.

घरी ऐकल्यावर बाबा हादरले. या वयात गावोगाव भटकायचं, राहायचं कुठे, झोपायचं कुठे, आजारी पडलीस तर बघणार कोण, असं ते कितीतरी वेळ बोलत राहिले. आई मात्र उठून माळ्यावरची मोठी बॅग काढायला लागली. आत्याने भावाला सगळं बोलू दिलं.

"भाऊ, तुला घोडा आवडतो, त्यात वाईट काहीच नाही," ती म्हणाली. "मलाही तोच आवडत असेल, असं मी धरून चालले होते. कधी बसून बघितलंच नाही रे."

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःहून मैदानावर आले आणि बहिणीशेजारी पहिल्या डब्यात बसले. चढावर ते देवाचं नाव घेत होते, उतारावर तिचं. उतरल्यावर कुंपणाला धरून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, मी आपला घोड्यावरच बरा. पण तू जा.

मेळा हलला तेव्हा तिचं मशीन ट्रकमध्ये चढलं. आता तिच्या हाताखाली दोन बायका शिवतात. तिच्या जुन्या दुकानात एक घड्याळवाला बसतो. ती फोन करते तो नेहमी वाऱ्यात उभी राहून, त्यामुळे निम्मं कळत नाही. परवा एवढं कळलं, की मेळा समुद्रकाठच्या गावात उतरलाय आणि नवा उंच पाळणा उभा राहतोय. ऐकून आईने संध्याकाळच्या गाडीची तिकिटं काढली. बाबा अजून कां-कूं करताहेत, पण बुटांना पॉलिश करून झालंय.