दुपारी न वाजणारा फोन

महाल भागातल्या आमच्या घरी लँडलाइन अजून आहे, कारण आईची गिऱ्हाइकं त्याच नंबरवर फोन करतात. ती ब्लाउज शिवते. तिचा मोबाइल कपाटात साड्यांखाली पडलेला असतो. मशीनच्या आवाजात ऐकू येते ती लँडलाइनची घंटीच. बायका दुपारी, घरचं आवरलं की फोन करतात.

मार्चमध्ये मला घरी इंटरनेट हवं होतं. सदर भागातल्या टेलिफोन ऑफिसात काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "ब्रॉडबँड कॉपरवर पाहिजे की फायबरवर?" मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे असलं सगळं मला कळतं असं घरी धरून चालतात. शब्द ओळखीचे होते खरे. मी "हो" म्हटलं.

"हो म्हणजे कोणतं, मॅडम?"

मागे रांग होती. मी फॉर्मवरच्या फायबर या शब्दावर बोट ठेवलं.

मग एक वयस्कर लाइनमन आले. त्यांनी खिडकीतून जाणारी जुनी जाड तार काढून गुंडाळली आणि तिच्या जागी दोऱ्यासारखी बारीक तार आत घेतली. खिडकीखालच्या प्लगला एक पांढरा डबा जोडला आणि आईच्या फोनची वायर त्या डब्यात खोचली. "नंबर तोच राहीन, ताई," ते म्हणाले. फोन डब्याला कशाला, हे मला विचारायचं होतं. पण ते घाईत दिसले, आणि मला कळलं नाही हे त्यांना कळावं असंही वाटलं नाही.

ते गेल्यावर आईने विचारलं, "हा डबा कायचा वं?"

"इंटरनेटचा," मी म्हटलं. मला तेवढंच माहीत होतं.

एप्रिलच्या शेवटी आई एकदा म्हणाली, "बायका आता रेडिमेडच घेऊन राहिल्या वाटते. फोनच येत नाही." नंतर जरीपटका भागातल्या एक काकू, आईच्या खूप जुन्या गिऱ्हाईक, लग्नाचे ब्लाउज दुसरीकडे टाकून आल्याचं बाजारात कोणीतरी सांगितलं. त्या दिवशी मशीनवर कापड नव्हतं, तरी आई मशीनपाशीच बसली होती.

मी संध्याकाळी घरी आले की फोन उचलून पाहायचे. टोन यायचा. ऑफिसातून दुपारी लावला की बंद. तक्रार केली. लाइनमन दोनदा आले, दोन्ही वेळा सहानंतर, आणि "लाइन ओके आहे" म्हणून गेले. मी मोबाइलवर कॉपर, फायबर, मोडेम, राउटर असं काय काय वाचत बसले. प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगायला आणखी चार शब्द यायचे. उन्हाने तार तापत असेल, असंही एकदा मला खरंच वाटलं.

मे महिन्यात एका दुपारी सुट्टी होती म्हणून मी घरी होते. जेवणं झाल्यावर आई उठली, डब्याचा प्लग काढला आणि तिथे कूलरचा लावला. कूलर घरघरायला लागला. डब्यावरचे हिरवे दिवे विझले होते.

"आई, तो काहून काढला?"

"तू तर घरी नसते दुपारी. तुझं नेट कोणाले पाहिजे? तू यायच्या टायमाले रोज लावून ठेवते ना मी."

मी फोन उचलून तिच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

"पहिले तर लाइट गेली तरी फोन चालत जाये," ती म्हणाली.

मी लाइनमनना मोबाइलवरून फोन केला आणि पहिल्यांदाच म्हटलं, "भाऊ, मला समजलं नाही, पुन्हा सांगा." ते न चिडता सांगत राहिले. जुन्या तांब्याच्या तारेतून फोनपुरती वीज टेलिफोन एक्स्चेंजमधूनच यायची. फायबर म्हणजे काच, तिच्यातून फक्त उजेड येतो. म्हणून डब्याला घरची वीज लागते. उजेडातून आवाज कसा येतो, ते मला अजूनही नीट कळलेलं नाही.

आईला मी एवढंच सांगितलं.

"म्हणजे इतके वर्षं ते फोनवाले आपल्याले लाइट देऊन राहिले होते, अन् आपल्याले पत्ताच नाही?" ती म्हणाली. मग गिऱ्हाइकांचे नंबर लिहिलेली मापांची वही काढून माझ्यापुढे ठेवली. "फोन सुरू झाला म्हणून सांग सगळ्यांले. मी नाही सांगत बापा. डबा तू आणला."

अनोळखी माणसाला फोन करायचा तर मी आधी वाक्य लिहून घेते. त्या दिवशी लिहिलं नाही. डबा पुन्हा प्लगला जोडला, कूलरला एक्स्टेंशन बोर्ड लावला आणि पहिला फोन जरीपटक्याच्या काकूंना केला.

"अगं, मी तीनदा लावला," काकू म्हणाल्या. "वाटलं, तुझ्या आईनं शिवणं सोडलं."

"नाही सोडलं, काकू. चूक माझी होती," मी म्हटलं, आणि डब्याचं सगळं सांगितलं.

"दोन ब्लाउज अजून बाकी आहेत. उद्या आणते." मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडे कोणता आहे गं? कॉपर की तो दुसरा?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "खिडकीतून येणारी तार जाड आहे की बारीक, पाहता का?"

त्या पाहायला गेल्या. आई कात्री हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. मी रिसीव्हर कानाला धरून थांबले.