दुपारी दोनची परीक्षा

धुळ्यातल्या त्या पन्नाशीच्या दुरुस्तीवालीचं नाव मी कधी विचारलंच नाही. लेकीचा कॉम्प्युटर रखडत होता आणि जो तो दुकानदार नवाच घ्या म्हणत होता. हिनं मात्र त्याच स्वस्तातल्या प्रोसेसरचा वेग कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेच्या वर नेला. तपासणीसाठी मला मुद्दाम मे महिन्यात दुपारी दोनला बोलावलं आणि दुकानातला कूलरच बंद केला.

"अहो अक्का, जळेल ना तो!"

पदरानं घाम पुसत ती स्क्रीनवरचं तापमान बघत राहिली. अर्धा तास झाला, तरी कॉम्प्युटर अडला नाही.

"ज्यानी हद लिखी, त्यानी आपली दुपार देखेल नही, भाऊ! मी दुपारमाच पारखं."

मग तिनं कूलर लावला, तोही माझ्याकडे तोंड करून.