ऐंशी पाउंडची दोरी

अंधेरीतल्या त्या गळ-दोरीच्या दुकानात मी परत पाय ठेवणार नव्हतो. गेल्या महिन्यात ठेवला तो कदममुळे. कदम आमच्या भांडुपच्या सोसायटीतला, चाळिशीचा. चार मित्र अंदमानला मासे पकडायला निघाले होते. "काका, तुमचं पोस्टिंग तिकडेच होतं ना? सामान निवडायला चला ना." दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो मिठाई घेऊन आला. मला त्या मिठाईचाच राग आला, पण गेलो.

दुकानदाराने काउंटरवर रंगीत लूर मांडले. प्लास्टिकचे खोटे मासे, प्रत्येकाच्या पोटाला तीन तोंडांचा गळ. मी म्हटलं, "हे काढ. एकेरी लाव."

"तीन असले की मासा सुटत नाही, अंकल."

"माणसाच्या मांडीतूनही सुटत नाहीत. काढ."

त्याचं तोंड वाकडं झालं. मग त्याने विणलेल्या दोरीचं रीळ पुढे सरकवलं. "ऐंशी पाउंड ताण घेते. तुटणारच नाही."

हेच वाक्य मी याच काउंटरवर आधी ऐकलं होतं.

तेव्हा मी फौजेत हवालदार होतो. अंदमानातल्या एका बेटावर आमची अकरा जवानांची डिटॅचमेंट होती. रविवारी परवानगी घेऊन बोट काढायचो. मासे पकडण्यात लान्स नायक विन्सेंटचा हात कुणी धरू शकत नव्हतं. गोराईचा, बापजाद्यांपासून दर्यावर जाणारा. रॉड नाही, लूर नाही. हातात तंगूस, म्हणजे साधी नायलॉनची दोरी. मी सुट्टीवर निघालो तेव्हा म्हणाला, "उस्ताद, येताना तंगूस आणा. दुसरं कय नको."

मी त्याऐवजी ही विणलेली दोरी नेली. म्हटलं, "तुझा तंगूस फेकून दे, येड्या. जमाना बदलला." तो हसला आणि दोरी घेतली. हवालदाराला नाही कोण म्हणणार?

रविवारी ०६४० ला निघालो. बोटीत तिघे. मी, विन्सेंट, इंजिनवर सिपाही यादव. उकाडा होता म्हणून लाइफ जॅकेटं काढू दिली. बोटीचा कमांडर मी होतो. ०९१५ ला विन्सेंटचा गळ खाली खडकात अडकला. ओहोटीचा प्रवाह जोरात होता. गोराईत जसं करतात तसंच त्याने केलं. दोरीचे दोन वेढे मुठीला दिले आणि हिसका मारला. तंगूस ताणला जातो आणि तुटतो. ही ताणली गेली नाही, तुटलीही नाही. बोट लाटेवर सरकली आणि तो पाण्यात ओढला गेला. हात खडकाशी बांधलेला, वरून प्रवाह. डोकं वर येईना.

मी सुरी घेऊन उडी मारली. दोरी कापेपर्यंत चार मिनिटं गेली. त्याला बोटीत घेतल्यावर वायरलेस सेट उचलून तळाला, म्हणजे टायगरला, हाक दिली.

"टायगर, माणूस पाण्यात गेला होता. डॉक्टर जेट्टीवर पाठवा. ओव्हर."

"रॉजर. कोण? ओव्हर."

मी नाव सांगितलं. जेट्टीपर्यंत मी त्याची छाती दाबत होतो. काही उपयोग झाला नाही.

हे सगळं मी दुकानात उभ्याउभ्या सांगितलं. दुकानदार म्हणाला, "पण अंकल, दोरीचा काय दोष?"

"दोरीचा नाही. माझा. तू गप्प बस."

कदमचा चेहरा उतरला होता. मी खिशातून झाडूच्या दांड्याचा वीतभर तुकडा काढून त्याच्या हातात दिला. "गळ अडकला तर दोरी याला गुंडाळायची. हाताला नाही. सुरी कमरेला, जॅकेट अंगात. जमत नसेल तर घरी बस."

"येस, काका," तो म्हणाला. तुकडा त्याने खिशात ठेवला.

विन्सेंटची ट्रंक गोराईला मीच पोचवली होती. त्याच्या आईने एकेक वस्तू बाहेर काढली. गणवेश, माळ, फोटो. तळाशी उरलेली दोरी होती. तिने बोटांत चोळून पाहिली आणि बाजूला ठेवली. "ही आमची नाय," म्हणाली. "माझा पोर असली दोरी घेयाचा नाय. कोणी दिली याला?"

मी म्हटलं, माहीत नाही.

दरवर्षी नाताळात मी तिच्याकडे जातो. ती मला जेवू घालते. विन्सेंटचं ताट माझ्यासमोर ठेवते. कदमला सांगितलं, दुकानदाराला सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही.