वॉर्डातला जिराफ

सौदीतल्या जुबैलच्या एका हॉस्पिटलात मी मुलांच्या वॉर्डात नर्स होते. माझ्या जोडीला टांझानियाची एक नर्स होती. तिच्या देशात फळीवर ऑइलपेंटने जनावरं रंगवतात, तशीच ती सुट्टीच्या दिवशी रंगवायची. तिने एक निळाशार जिराफ काढला. फळी पुरली नाही म्हणून त्याची मान छत्रीच्या दांड्यासारखी वळवली आणि तो वॉर्डात टांगला. सलाइन लावताना मी मुलांना त्याचे ठिपके मोजायला लावायचे. ठिपके संपेपर्यंत मला शीर सापडायची.

पुढे स्टोअरची माणसं खाटा-कपाटांवर नंबरांचे स्टिकर चिकटवत आली. जाताना जिराफाच्या पोटावरही एक डकवून गेली. आम्ही दोघी हसलो. कर्म आमचं!

मग सौदीकरण आलं, म्हणजे परक्यांच्या नोकऱ्या सौदी लोकांना द्यायच्या असा सरकारी हुकूम. आमच्या जागी तिथल्या मुली आल्या, त्यांना काम आम्हीच शिकवलं. त्या पोरींवर माझा राग नाही. राग आहे तो स्टोअरच्या साहेबावर. माझी मैत्रीण निघताना चित्र उतरवायला गेली, तर हा म्हणतो, "सिस्टर, ही हॉस्पिटलची मालमत्ता आहे. नेता येणार नाही." रंग तिचा, फळी तिची, हात तिचा, आणि मालमत्ता म्हणे यांची! मी तोंड सोडलं. तो नुसता स्टिकरवर बोट ठेवून उभा राहिला.

आमचे दोघींचे इकामे, तिथे राहायचे परवाने, खलास झाले. जिराफ तिथेच राहिला. इतक्या वर्षांत बाहेरून येऊन त्या वॉर्डात कायम झालेला तो एकटाच.