आमच्या होडीच्या इंजिनाचा आवाज

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वाईट आहे, माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे.

नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही. होडी विकली. मला रडू येत नव्हतं, काही करावंसंही वाटत नव्हतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने मला जुना लॅपटॉप घ्यायला लावला आणि त्यात आवाज बनवायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. पैसे घरातल्या मोठ्या जावेने उसने दिले. पडद्यावर डबे दिसतात, एका डब्यातून दुसऱ्यात वायर ओढायची. नावं इंग्रजीत, म्हणून मी रंगावरून ओळखते. पिवळा सूर काढतो, राखाडी वाऱ्यासारखा घोंगावतो, निळा आवाज दाबतो. मुलीच्या ओळखीचा गोव्यातला एक संगीतवाला पसंत पडलेले आवाज विकत घेतो. माझा एकही पसंत पडला नव्हता.

"चतुर्थीक पैसे देतलंस मा?" जाऊ विचारायची. "नायतर तां यंत्र इकून टाकतलंय."

"देतंय, वैनी."

एका दुपारी मी आमच्या होडीचं इंजिन बनवून बघितलं. आमच्याकडे होडी दिसायच्या आधीच बायका आवाजावरून ओळखतात, कुणाची आली ती. आमच्या इंजिनाचा मध्येच एक ठोका चुकायचा. तोही जमवला आणि आवाज मोठा केला.

जाऊ स्वयंपाकघरातून टोपली घेऊन बाहेर पडली. अंगणाच्या टोकावरून परत आली आणि रिकामी टोपली धरून दारात उभी राहिली.

"माका वाटलां, होडी इली."

मी विचारलं, "ठोको बरोबर चुकता?"

"नाय गो. जरा उशिरान चुकता तो."

मी बटण थोडं फिरवलं. तिने ऐकलं, मान हलवली आणि आत गेली.

गोव्याच्या माणसाला फोनवर ऐकवला, तर त्याला तोच आवाज हवा होता. जावेचं सगळं फिटेल इतके पैसे देत होता. अट एकच, आवाज माझ्याकडेसुद्धा राहता कामा नये.

"आये, ह्यो नको इकू," मुलगी फोनवर म्हणाली.

मी बांगडे साफ करत होते. हात धुतले, आवाज पाठवला आणि माझ्याकडचा पुसून टाकला. काही वाटेल म्हणून थोडा वेळ बसले. नाही वाटलं. मग उरलेले बांगडे साफ केले.

चतुर्थीआधी जावेच्या हातात पैसे ठेवले.

"तां इंजिन एकदा लाव मगे," ती म्हणाली.

"तां आता नाय, वैनी."

तिने न मोजताच पैसे पदराला बांधले. सगळे फिटले.